कोयंड्याचं पारायण

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.

आजपासून रोज लिहायचं. खाडा नाही. मागची रोजनिशी पेरणीपर्यंत टिकली होती, पण तेव्हा पेन खराब होता.

मुख्य मुद्दा. लेक सुरभी संक्रांतीला चार दिवसांसाठी आली, त्याला आज सत्तावीस दिवस झाले. पांढरकवड्याहून येताना दोन ड्रेस आणि एक जाडजूड कादंबरी घेऊन आली. ती कादंबरी तिसऱ्यांदा वाचते आहे म्हणे. वाचता वाचता डोळे पुसते.

जावई अमररावांचं म्हणावं तर माणूस वाईट नाही. ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, बोलणं मोजकं, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. दुकानात जाताना घराला बाहेरून कुलूप लावतात, एवढंच काय ते सुरभी तिच्या आईजवळ बोलली. मी इंदूला समजावलं. हायवेचं गाव, रात्रंदिवस ट्रक, नाना तऱ्हेची माणसं. कुलूप लावतो म्हणजे काळजी करतो. इंदू काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

निदान झालं: रोग पुस्तकात आहे. औषधही तिथूनच काढायचं. काट्याने काटा. गुढीपाडव्याच्या आत सुरभी आपल्या घरी. लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

पुस्तक ताब्यात घेतलं. वाचून देतो म्हटलं. नाव ‘एका कोयंड्याची कैफियत’. पानं चारशे बारा. मी सातवी पास खरा, पण आमच्या बोरीच्या वाचनालयातली तीन कपाटं संपवलेला माणूस. चाळीस वर्षं पोथी वाचतो. दोन दिवसांत फडशा.

सायंकाळी ५. पान १९. बाइंडिंगवाल्याने घोळ घातला आहे. पहिल्या अध्यायानंतर सातवा, मग तिसरा, मग पुन्हा तिसराच, पण वेगळा. मधली सहा पानं कोरी. प्रकाशकाला पोस्टकार्ड लिहिलं, सभ्य भाषेत. शिवाय यात दाराचा कोयंडा बोलतो. कोयंड्याला एवढं बोलायला काय असतं. आणि घरातल्या बाईला नावच नाही. चारशे बारा पानांत एका बाईचं बारसं करायला लेखकाला सवड मिळाली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

योजना अशी: पुस्तक पोथीसारखं मोठ्याने वाचायचं. वाचणारा मी, अर्थ सांगणारा मी. ऐकता ऐकता सुरभीचं मन वळेल. शेजारच्या रुखमाबाई बरेच दिवस विचारत होत्याच, पोरगी असं काय वाचते की रडते. त्यांनाही बोलावलं.

सुरुवात झाली. ओसरीवर पाट, पाटावर लाल फडकं, त्यावर कादंबरी. उदबत्ती. श्रोत्या चार: रुखमाबाई, आमच्या शेतात कामाला येणाऱ्या मानीबाई, इंदू, आणि स्वयंपाकघराच्या दारात सुरभी. सगळ्यांपुढे चिंचांच्या टोपल्या. कान इकडे, हात चिंचा फोडण्यात.

नियम आधीच सांगून टाकले, पोथीचे तेच. रोज तीन वाजता. अध्याय अर्धवट सोडायचा नाही. आणि ग्रंथ घरात लागला की समाप्तीपर्यंत श्रोत्याने गाव सोडायचं नाही. हा शेवटचा मी हजेरीसाठी ठेवला. बायका एक दिवस येतात आणि दुसऱ्या दिवशी राळेगावला लग्नाला निघून जातात. रुखमाबाईंनी तो नियम दोनदा सांगायला लावला. बाईंची निष्ठा आहे.

वाचन उत्तम. अध्याय मी आधीच क्रमाने लावून घेतले होते. पान ११ वर बाई न्हाताना आपल्या अंगाकडे पाहून जे बोलते ते चारचौघींत वाचण्यासारखं नाही. तिथे मी खोकलो आणि नदीचं वर्णन घातलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. सुरभीने वर पाहिलं, पण चिंचेत किडा असावा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

श्रोत्यांना बाईचं नाव हवं. सुशीला ठेवलं. नवऱ्याचं विचारलं. प्रभाकर. धंदा? किराणा. पुस्तकात यातलं काही नाही, पण लेखक विसरला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यायचं असतं.

कोयंडा काढून टाकला. त्याच्या जागी देवघरातली समई. समई बोलली तर शोभते.

१६ फेब्रुवारी, रविवार.

आता पुस्तकात पाहायची फारशी गरज पडत नाही. पानं मात्र वेळेवर उलटतो.

कुलपाचा प्रसंग मुद्दाम आज घेतला. प्रभाकर दुकानात जाताना दाराला कुलूप लावतो. सुशीला आत समईला सांगते की बाई गं, हे लोखंड नाही, ही त्यांची माया आहे. वाक्य माझं आहे. म्हणून दोनदा म्हटलं.

मानीबाईंनी हातातली चिंच खाली ठेवली.

“गाईले दावं असते, मालक. गोठ्याले कुलूप नसते.”

मी समजावलं की हे रूपक आहे. त्या म्हणाल्या, असंल. चारही बायका मान खाली घालून चिंचा फोडू लागल्या. नुसते चिंचोके टोपल्यात पडत होते. वाक्याचा परिणाम झाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

सुरभी बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलली. म्हणाली, मानीकाकू परवा जे म्हणाल्या त्याला स्त्रीवादी प्रतिसाद म्हणतात. एम. ए.ला या विषयावर दोनशे पानं पाठ केली, त्यात एवढं नेमकं वाक्य नव्हतं. मानीबाई लाजल्या. त्यांनी मला विचारलं, हे सरकारचं कोणतं खातं आहे.

स्त्रीवाद मला नवा नाही. मी पहिल्यापासून स्त्रीवादी. एक्केचाळीस वर्षांत इंदूच्या भाकरीला नाव ठेवलं नाही. हिशेब, बाजार, बँक, सगळा ताप मीच सोसतो, तिच्यापर्यंत पोहोचूच देत नाही. हे सगळं आज अर्थ सांगताना विस्ताराने सांगितलं. इंदू उठून आत गेली. दूध उतू गेलं असावं.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

अमररावांचा फोन. उद्या गाडी घेऊन येतो म्हणाले. मी या म्हणणार तेवढ्यात रुखमाबाई, ज्या वास्तविक मीठ मागायला आल्या होत्या, त्यांनी आठवण करून दिली की भाऊजी, समाप्ती व्हायची आहे, श्रोत्याला गाव सोडता येत नाही. मी दिलेला नियम मीच कसा मोडू? अमररावांना सांगितलं, घरात ग्रंथ लागला आहे, महाशिवरात्रीला समाप्ती, दुसऱ्या दिवशी या. त्यांनी विचारलं कोणता ग्रंथ. मी म्हटलं, गृहस्थाश्रमावर आहे.

चार दिवसांत सुशीलाला मार्गावर आणायचं. सोपं आहे. बाई माझ्याच हातात आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

समाप्ती झाली नाही.

घडलं ते असं. सुशीला घरात सुखी आहे आणि ग्रंथ संपला, असं करायचं होतं. पण रुखमाबाई म्हणाल्या, एवढ्या दिवसांत ती माहेरी काहून गेली नाही. इंदू म्हणाली, बरोबर आहे. मानीबाई म्हणाल्या, बाप मेला का तिचा. मी म्हटलं, नाही, आहे बाप. मग नेत काहून नाही म्हणे. तिघींचे चेहरे पाहून सुशीलाला चार दिवसांसाठी माहेरी पाठवावं लागलं. चौघींनी इतका मोठा सुस्कारा टाकला की समई विझली. खरी समई. देवघरातली आणून ठेवली होती.

आता तिला परत आणलं की संपलं. अमररावांना फोन केला, अजून आठ दिवस थांबा म्हटलं. उपासाची भगर-आमटी जास्त झाली.

१ मार्च, शनिवार.

सुशीला परत येत नाही.

मी प्रभाकरला आजारी पाडलं. रुखमाबाई म्हणाल्या, त्याले बहीण नाही का? असते कुठेतरी, असं मी बोलून गेलो. मग ती करते त्याचं, म्हणाल्या, आणि विषय मिटवला.

शिवाय इंदूने आज वाचन थांबवून मला विचारलं की मी दारव्ह्याला एकटी कितीदा गेली असंन. मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. तिला तशी गरजच पडली नाही, हे मी सांगितलं. बारा किलोमीटर तर आहे. ती म्हणाली, हो, बाराच आहे. स्त्रीवादी प्रतिसाद म्हणतात तो हाच असावा. वरणात मीठ नव्हतं.

५ मार्च, बुधवार.

सुशीलाला दिवस गेले. हा माझा हुकमी पत्ता होता. लेकरासाठी तरी बाई घरी जाते. रुखमाबाईंनी लगेच टाळी वाजवली. म्हणाल्या, पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरीच, आता सात-आठ महिने हलायचं नाव नाही.

मी हे आधी कसं पाहिलं नाही, कळत नाही. दिवस गेलेले परत घेता येतात का? मानीबाईंना चाचपून विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला लागलो.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी २.

एका तासात बायका येतील.  तेवीस दिवसांत तीन ते पाच मी कुठे जाऊ शकलेलो नाही. शेतात हरभरा सोंगणीला आला आहे, बघायला गेलो नाही. सलूनमध्येही नाही. मी दाराकडे गेलो की रुखमाबाई समोरून म्हणतात, भाऊजी, तीन वाजले. जागच्या जागी खिळलो आहे. घर माझं, ओसरी माझी, बाई मी बनवलेली, आणि तिला कुठल्याही बाजूने हलवायला गेलं की पुढे कोणीतरी उभं.

खऱ्या पुस्तकात तरी काय आहे ते पाहावं म्हणून मधूनच एक पान उघडलं. एकच वाक्य नऊदा छापलं आहे. प्रकाशकाचं उत्तर नाही.

१२ मार्च, बुधवार.

निर्णय. रविवारी, १६ तारखेला समाप्ती, कसंही करून. अमररावांना फोन केला, दुपारी चारला या. त्यांनी विचारलं, सुरभी तयार आहे ना. मी म्हटलं, बिनधास्त या, पोरगी तयार आहे.

सुरभीला अजून विचारलेलं नाही, पण तो तपशील आहे. शेवट असा बांधला आहे: प्रभाकर स्वतः दाराशी येतो, सुशीला पाट मांडते, समई आपोआप पेटते. तेवढ्यात खरे अमरराव दारात. कल्पना कशी आहे? इतकं जुळवून आणलेलं मी स्वतःही कधी वाचलेलं नाही.

१६ मार्च, रविवार. सायंकाळी ७.

सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर कोणी विपर्यास करणार नाही.

अमरराव चारला यायचे ते साडेतीनलाच आले. प्रभाकर अजून वाटेत होता. सुरभी गाडीचा आवाज ऐकून उठली आणि माझ्याकडे पाहून पुन्हा बसली. तिला कळलं की मीच बोलावलं. बायकांपैकी एकही हलली नाही. जावई आले तर पदर सावरून आत जायची रीत आहे, पण चिंचा पुष्कळ होत्या.

अमररावांना खाटेवर बसवलं. चांगल्या मूडमध्ये होते. सुरभीसाठी आनंदाची बातमी आणली म्हणाले. कुलपाची कटकट कायमची संपवली. दाराला नवीन लॉक बसवलं, मोबाइलवर चालणारं. खिशातून फोन काढून मला दाखवलं, पडद्यावर त्यांच्या घराचं दार, खाली एक हिरवं बटन. दुकानात बसल्या बसल्या दाबलं की घराचं दार उघडतं, पुन्हा दाबलं की बंद. खरोखर नवल आहे. मी दोनदा पाहिलं.

मग मी एक साधा प्रश्न विचारला. त्यात काही हेतू नव्हता. नवीन यंत्र पाहिलं की माणूस विचारतोच.

“अन् आतून तिले उघडता येते का?”

“तिले कायले लागते, मामाजी? मी आहो ना.”

इथे मी चष्मा काढून पुसला. हरभऱ्याच्या काडाची धूळ असते या दिवसांत. मी पुस्तक उघडलं, कारण सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या आणि पुढचं मला वाचायचं होतं. प्रभाकर दाराशी येतो. तोंडून निघालं नाही. समोरच्या पानावर छापलेलं होतं तेच वाचायला गेलो, तर चष्म्यावर पाणी आलेलं.

सुरभी म्हणाली, “मी येत नाही.” आवाज चढवला नाही. चिंच मागावी तसं.

अमरराव तिच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे वळले. तुम्ही फोनवर म्हटलं होतं की पोरगी तयार आहे, म्हणाले. हे त्यांचं बरोबर होतं. चार बायका, एक जावई, आणि मधे मी, मांडीवर चारशे बारा पानं. उठायला जागा नव्हती.

मी म्हटलं, “म्हटलं होतं, बापू. तिले विचारलंच नव्हतं मी. चूक माही आहे. चहा घ्या, अन् मग एकटेच जा.”

हे मी धोरण म्हणून बोललो. तापलेल्या वेळी कोणीतरी कमीपणा घ्यायचा असतो, म्हणजे पुढचा थंड होतो. ते काही थंड झाले नाहीत. चहा न घेता गेले. जाताना म्हणाले की आता वकिलाच्या नोटिशीची वाट पाहा.

इंदूने दार लावलं. मग काय मनात आलं, पुन्हा उघडून सताड ठेवलं.

ग्रंथाची समाप्ती झाली असं मी जाहीर केलं. प्रसादाचे फुटाणे वाटले. 

१७ मार्च, सोमवार.

सकाळी उठलो तर घरात कोणी नाही. चहा स्वतः केला. साखर कुठे असते ते शोधायला वेळ लागला, म्हणून गुळाचा केला आणि तो नासला.

दहा वाजता मानीबाईंकडून कळलं की मायलेकी सातच्या एसटीने दारव्ह्याला गेल्या. तिथल्या कॉलेजात जूनपासून तासांवर शिकवायची जागा आहे, तिचा अर्ज द्यायला. मला विचारलं नाही. समाप्ती झालेली असल्याने नियमात बसतं.

दुपारी दोनला आल्या. इंदूने ऊस-रस घेतला होता आणि खिडकीजवळची जागा मिळाली होती, हे तिने तीनदा सांगितलं. अर्जाचं विचारलं तर म्हणाली, ते तर पाच मिनिटांत झालं.

मी ठरवलं आहे की सुरभीने काही दिवस इथेच राहावं. माझा पहिल्यापासून हाच विचार होता. मागची पानं नीट वाचली तर दिसेल. मागची पानं मी वाचली. तितकंसं दिसत नाही.

१८ मार्च, मंगळवार. सायंकाळी ६.

आता मन मोकळं आहे तर ग्रंथ पुन्हा नीट वाचावा, बायकांचीही सोय होईल, असं ठरवून तीनला पाट मांडला. कोणी आलं नाही. सव्वातीन. साडेतीन. पुस्तक काखेत घेऊन रुखमाबाईंकडे गेलो.

चौघी त्यांच्या अंगणात बसलेल्या. वाद चालला होता. कादंबरीच्या शेवटी ती बाई भाजीच्या सुरीने आतून दाराचे स्क्रू काढते, अख्खं दार उचलून भिंतीला टेकवते आणि चहा ठेवते. घर सोडून मात्र जात नाही. मानीबाईंचं म्हणणं, बरोबर केलं, घर तिचंही आहे, तिने काहून जावं. इंदूचं म्हणणं, स्क्रू काढण्यात एवढा वेळ घालवला, तेवढ्यात एसटी सापडली असती. सुरभी हसत होती. तिला हसताना मी दिवाळीनंतर पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं, पुस्तक तर माझ्याजवळ आहे.

तर म्हणे जानेवारीतच झालं सगळं. रोज सकाळी सुरभी इथे बसून वाचून दाखवायची. सातवा अध्याय आधी का येतो, कोरी पानं कोणाची आहेत, कोयंडा कोणाच्या बाजूचा आहे, यावर यांची भांडणं झाली, अबोले झाले, रुखमाबाई एकदा रडून जेवल्या नाहीत. मी वाचायला घेतलं तेव्हा यांचं दोनदा ऐकून झालं होतं.

मग महिनाभर रोज तीन वाजता माझ्यापुढे येऊन कशाला बसत होत्या, असं मी विचारलं. थोडा दुखावल्यासारखा आवाज झाला असेल.

रुखमाबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “तुमचं वाचन संपत नव्हतं, तोवर हिले कोणी नेतो म्हणू शकत नव्हतं, भाऊजी. तुम्ही सुशीलाले घरी नेलं की आम्ही तिले वापस आणो. तुमची गोष्ट वाईट नव्हती. फक्त ते बाई आमच्यातल्या कोणाच्या ओळखीची नव्हती.”

 चाळीस वर्षं अर्थ मी सांगतो, आज तो ऐकला. मानीबाईंनी सरकून पोत्यावर जागा करून दिली, म्हणून बसलो. त्यांनी माझ्यापुढेही एक टोपली ओढली.

सुरभीने माझ्या हातातून पुस्तक घेतलं. बाबा, तुम्ही कुठपर्यंत आले होते, तिथून वाचू का, म्हणाली.

मी म्हटलं, पहिल्या पानापासून वाच. मी अजून वाचलेलं नाही.